फ्रेटबोर्ड पाठ करायचाय? आधी घरातली पेटी उघडा

ग्वाल्हेरात, विशेषतः लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत, गिटार येते तेव्हा पेटी बहुधा आधीच कोपऱ्यात बसलेली असते. आजोबांची असेल, आत्याची असेल, भात्यातून हवा जात असेल, पण असते. गिटार शिकणारी मुलं मात्र तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. फ्रेटबोर्डचा, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या स्वरांच्या जागांचा, रंगीत तक्ता छापून भिंतीला लावतात, चार दिवस बघतात, आणि पाचव्या दिवशी कुणी विचारलं, "पाचव्या तारेवर सातव्या फ्रेटला काय?" की मोकळ्या तारेपासून बोटं मोजायला लागतात. तक्ता बघून तक्ता पाठ होतो, दांडी नाही. दांडी पाठ व्हायला तीन गोष्टी एकदम घडाव्या लागतात: तोंडाने नाव, बोटाने जागा, कानाने स्वर. पेटी यात फार कामाची आहे, कारण गिटारवर जे लपलेलं असतं ते पेटीवर काळ्या-पांढऱ्यात उघड दिसतं.

सा म्हणजे सी नव्हे

गाणं शिकलेल्यांची पहिली अडखळ इथेच होते. माधव संगीत महाविद्यालय या शहरात १९१८ पासून आहे, घराघरांत कुणी ना कुणी सरगम घोटलेली आहे, त्यामुळे गिटारवरचा सी ऐकला की तोंडातून आपोआप 'सा' निघतो. सा फिरता आहे. गाणाऱ्याने जिथे धरला तिथे तो. सी मात्र जागचा हलत नाही. म्हणून फ्रेटबोर्ड पाठ करताना सारेगम बाजूला ठेवा. नाहीतर आज सी ला सा म्हणाल, उद्या डी पट्टीतलं गाणं आलं की डी ला सा म्हणाल, आणि एका जागेला दोन नावं चिकटली की दोन्ही निसटतात.

आपल्याकडे न हलणारी नावंही आहेतच: पट्टीची. 'बाई काळी चारमध्ये गातात' असं आपण म्हणतो तेव्हा तो ठरलेला स्वर असतो, कुठल्याही पेटीवर तोच. गिटारची इंग्रजी अक्षरं या नावांवर बसवून घ्या:

पांढरी एक – सी
काळी एक – सी शार्प (किंवा डी फ्लॅट)
पांढरी दोन – डी
काळी दोन – डी शार्प (ई फ्लॅट)
पांढरी तीन – ई
पांढरी चार – एफ
काळी तीन – एफ शार्प (जी फ्लॅट)
पांढरी पाच – जी
काळी चार – जी शार्प (ए फ्लॅट)
पांढरी सहा – ए
काळी पाच – ए शार्प (बी फ्लॅट)
पांढरी सात – बी

त्यानंतर पुन्हा पांढरी एक. पेटीवर पांढरी एक सापडत नसेल तर दोन काळ्यांची जोडी बघा, तिच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे सी. तीन काळ्यांच्या गटाच्या डावीकडची पांढरी चार, म्हणजे एफ.

आता पेटीकडे नीट बघा. पांढरी तीन आणि चार यांच्यात काळी नाही, सात आणि एक यांच्यातही नाही. बाकी सगळीकडे आहे. गिटारवर याचा अर्थ एवढाच (फ्रेट म्हणजे दांडीवरचं एक घर): ई ते एफ एक फ्रेट, बी ते सी एक फ्रेट, बाकी शेजारच्या दोन पांढऱ्यांत दोन फ्रेट. दांडीवर काळे-पांढरे रंग नसतात, एवढाच फरक. हे एक वाक्य पक्कं असेल तर कुठल्याही तारेवर कुठूनही पुढचा स्वर काढता येतो. ज्यांना दांडी 'कितीही केली तरी पाठ होत नाही', त्यांचं बहुतेक वेळा इथेच कच्चं असतं. ते ई नंतर दोन फ्रेट सोडतात आणि तिथून पुढचं सगळं एकेक घर सरकतं.

पट्टीच्या नावांचा आणखी एक फायदा. बी, सी, डी, ई, जी ही पाचही अक्षरं 'ई'वर संपतात. आरतीच्या गलक्यात समोरून कुणी 'डी' म्हणालं की 'बी', ते कळत नाही. 'पांढरी दोन' आणि 'पांढरी सात' यांची गफलत होत नाही. पाठ करताना दोन्ही नावं म्हणा. इथल्या गाणाऱ्यांशी बोलताना पट्टी लागते, कॉर्ड (एकदम छेडायचा स्वरांचा गट) वाचताना अक्षर लागतं.

तारा, फ्रेट आणि 'वरची तार'

सगळ्यात जाड तार सहावी, सगळ्यात बारीक पहिली. सहावीपासून पहिलीपर्यंत मोकळ्या तारा: ई, ए, डी, जी, बी, ई. 'वरची तार', 'खालची तार' हे शब्द टाकून द्या. मांडीवर गिटार घेतल्यावर जाड तार वर असते, पण तिचा स्वर सगळ्यात खालचा. टॅबमध्ये (सहा ओळी म्हणजे सहा तारा, त्यांवर फ्रेटचे आकडे) तर पहिली तार वरच्या ओळीवर लिहितात. एकाच शब्दाचे तीन अर्थ होतात, म्हणून तार नेहमी आकड्याने म्हणा.

तिसरा फ्रेट म्हणजे तिसऱ्या धातूच्या पट्टीच्या अलीकडची जागा. सतारीवर याच पट्टीला पडदा म्हणतात, पण सतारीचे पडदे बांधलेले असतात आणि सरकवता येतात. गिटारचे ठोकून बसवलेले. बोट त्या पट्टीला जवळजवळ चिकटून, तिच्या अलीकडे टेकवा. मधोमध टेकवलं की जास्त दाबावं लागतं आणि तार खरखरते; थेट पट्टीवर टेकवलं की आवाज बसतो. बेसूर किंवा मेलेल्या आवाजाबरोबर नाव पाठ केलं तर कान ते नाव धरत नाही. त्यामुळे हे नुसतं तंत्राचं प्रकरण नाही.

शेजारच्या मोकळ्या तारांमधलं अंतर सा ते म एवढं, म्हणजे पाच फ्रेट. म्हणूनच सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी पाचवी तार सारखीच वाजतात. अपवाद एकच: तिसरी ते दुसरी. जी पासून बी सा ते ग आहे, चारच फ्रेट. पाच, पाच, पाच, चार, पाच, एकूण चोवीस, म्हणजे बरोबर दोन सप्तकं, आणि म्हणून दोन्ही टोकांना ई येतो. तो एक 'चार' नसता तर पहिली तार ई ऐवजी एफ झाली असती आणि साधे कॉर्ड धरायला बोटं पुरली नसती. किंमत म्हणून दुसऱ्या तारेवर सगळे आकार एका फ्रेटने सरकतात. हे पुढे लागेल.

मोजदाद: पाठ करायचं तरी किती?

मोकळ्या तारेपासून अकराव्या फ्रेटपर्यंत बारा जागा, सहा तारा, म्हणजे ७२ जागा. बाराव्या फ्रेटला मोकळ्या तारेचंच नाव परत येतं, एक सप्तक वर, आणि तिथून सगळं पुन्हा तसंच. या ७२ पैकी ४२ पांढऱ्या, ३० काळ्या. काळ्या आत्ता पाठ करायच्याच नाहीत. पांढऱ्या पक्क्या झाल्या की काळी म्हणजे 'तिच्या एक फ्रेट पुढे' किंवा 'एक फ्रेट मागे'. उरल्या ४२. त्यात पहिली आणि सहावी तार सारखीच, म्हणून सात गेल्या. पस्तीस. वेगवेगळे कॉर्ड धरता येणाऱ्याला त्यातल्याही डझनभर नकळत येत असतात. सी कॉर्ड धरा आणि एकेक तार छेडत नाव म्हणा: पाचवीचा तिसरा सी, चौथीचा दुसरा ई, मोकळी जी, दुसरीचा पहिला सी, मोकळी ई. जी कॉर्डमध्ये सहावीचा तिसरा जी, पाचवीचा दुसरा बी. ए मायनरमध्ये चौथीचा दुसरा ई, तिसरीचा दुसरा ए. रोज वाजवताय, फक्त नाव कधी घेतलं नव्हतं.

आधी खुंट्या ठोका

दांडीवर काही फ्रेट असे आहेत की सहाच्या सहा तारांवर पांढरी पट्टीच येते. मोकळा, पाचवा, दहावा आणि बारावा. पाचव्या फ्रेटला सहावीपासून पहिलीकडे: ए, डी, जी, सी, ई, ए. दहाव्याला: डी, जी, सी, एफ, ए, डी. या ओळी पाढ्यासारख्या घोटा, सुलट आणि उलट. तिसऱ्या आणि सातव्या फ्रेटवर एकेकच काळी: तिसऱ्याला जी, सी, एफ, मग काळी पाच, मग डी, जी, सातव्याला बी, ई, ए, डी, मग काळी तीन, मग बी. याच्या अगदी उलट अकरावा फ्रेट: तिथे सहाही काळ्या. अकराव्यावर बोट ठेवून 'सी' म्हणालात तर तपासायचीही गरज नाही, चूकच आहे.

या खुंट्या पक्क्या असल्या की कुठलीही जागा जास्तीत जास्त दोन फ्रेट दूर राहते. सहावीचा आठवा? दहाव्याला डी, दोन मागे सी. मोकळ्या तारेपासून आठ मोजण्यापेक्षा हे किती तरी पटीने लवकर.

दांडीवरचे ठिपके ३, ५, ७, ९ आणि १२ ला असतात (काही वाद्यांवर ९ ऐवजी १० ला, नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर समोर बहुधा नसतातच). समोरचे ठिपके बघायला गिटार आपल्याकडे कलती करू नका, मनगट वाकतं. दांडीच्या वरच्या कडेला तेच ठिपके बारीक दिलेले असतात, ते बघा. कडेला काहीच नसेल तर पांढऱ्या पेनाने ५, ७ आणि १२ ला बारीक खूण करा. खूण चालते, प्रत्येक घरावर अक्षराचं स्टिकर चालत नाही. स्टिकर असेपर्यंत डोळा वाचतो आणि डोकं सुट्टीवर जातं. शिवाय डिंक लाकडावर राहतो तो वेगळाच.

सहावी आणि पाचवी: इथे घाई नको

सहावी तार: मोकळी ई, पहिला एफ, तिसरा जी, पाचवा ए, सातवा बी, आठवा सी, दहावा डी, बारावा ई. पहिली तार फुकट झाली.

पाचवी तार: मोकळी ए, दुसरा बी, तिसरा सी, पाचवा डी, सातवा ई, आठवा एफ, दहावा जी, बारावा ए.

या दोनच तारांवर पूर्ण पंधरवडा घालवला तरी जास्त नाही. बार कॉर्डचा (एक बोट तारांवर आडवं दाबून धरायचा कॉर्ड) पाया याच दोन तारांवर असतो. एफचा बार आकार सहाव्या तारेवर सरकवला की तिसऱ्याला जी, पाचव्याला ए, आठव्याला सी. ए चा आकार पाचव्या तारेवर सरकवला की तिसऱ्याला सी, पाचव्याला डी. म्हणजे पाठांतराचं व्याज दुसऱ्या दिवसापासून हातात पडतं.

करायची रीत अशी. एका तारेवर फक्त पांढऱ्या जागा, वर जाताना आणि खाली येताना. नाव आधी, बोट नंतर. 'एफ' म्हणायचं, मग एफ वाजवायचा. उलट केलं, म्हणजे आधी बोट टेकवलं आणि मग नाव शोधलं, तर ते फक्त जागा ओळखणं झालं. वाजवताना लागतं ते जागा काढणं. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ४० ठोक्यांवर, दर ठोक्याला एक स्वर. एकही चूक न होता तीनदा झालं की ४ ठोके वाढवा. ८० च्या पुढे पळवण्यात अर्थ नाही, तिथे हात पाठ झालेलं गिरवतो आणि नावं मागे राहतात.

सरळ चढ-उतार दोन दिवसांत येतो, आणि तिथेच बरेच जण थांबतात. हा पाढा झाला, आकडा नाही. 'सात नव्वे' विचारलं की सात एके सात पासून सुरू करणाऱ्यासारखी गत होते. म्हणून पलटे घ्या, जसे गळ्यावर घेतो तसेच: ई-जी, एफ-ए, जी-बी, ए-सी असे एक सोडून एक. मग खालून वर नाही, वरून खाली. मग बाराव्यापासून सुरू. मग अध्येमध्ये कुठूनही. सरगमचे पलटे घोटलेल्या मुलांना हे दोन दिवसांत जमतं, फक्त तोंडात सारेगम येऊ द्यायचं नाही.

चौथी आणि तिसरी पाठ करू नका, उडी मारा

सहाव्या तारेवरच्या कुठल्याही स्वराचं वरचं सप्तक चौथ्या तारेवर दोन फ्रेट पुढे असतं. सहावीचा तिसरा जी, चौथीचा पाचवा जी. पाचवीवरून तिसरीवर तसंच: पाचवीचा तिसरा सी, तिसरीचा पाचवा सी. मधली तार सोडायची, दोन घरं पुढे. पहिलं बोट आणि तिसरं बोट (काहींना करंगळी सोपी जाते), मधल्या तारेला पहिल्या बोटाच्या पोटाने हलकेच दाबून गप्प करायचं. दोन्ही एकदम छेडा. एकच स्वर जाड झाल्यासारखा ऐकू आला तर बरोबर, लाट उठल्यासारखं थरथरलं तर एक तार उतरलेली आहे.

अशा उड्यांनी आठवडाभरात चौथी आणि तिसरी तार हातात येते. मग पडताळ्यासाठी सरळ ओळ:

चौथी तार: मोकळी डी, दुसरा ई, तिसरा एफ, पाचवा जी, सातवा ए, नववा बी, दहावा सी.
तिसरी तार: मोकळी जी, दुसरा ए, चौथा बी, पाचवा सी, सातवा डी, नववा ई, दहावा एफ.

दुसरी तार

हिच्याशी वेगळं बोलावं लागतं. चौथीवरून दुसरीवर उडी दोन नाही, तीन फ्रेटची: चौथीचा दुसरा ई, दुसरीचा पाचवा ई. तिसरीवरून पहिलीवरही तीनच: तिसरीचा पाचवा सी, पहिलीचा आठवा सी. कारण वर आलंच, जी ते बी मधलं एक फ्रेट कमी अंतर. उडी त्या सांध्यावरून गेली की एक घर जास्त द्यायचं. दांडीवर सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या ठराविकच असतात: नेहमी एक फ्रेट मागे. दुसऱ्या तारेवर एफ काढायला सांगितला आणि बोट पाचव्याला गेलं, तर सांधा विसरला असं समजा; एफ सहाव्याला आहे.

दुसरी तार म्हणून उडीवर सोडू नका, वेगळी घोटा: मोकळी बी, पहिला सी, तिसरा डी, पाचवा ई, सहावा एफ, आठवा जी, दहावा ए, बारावा बी. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी: पाचवीवर जो स्वर आहे तोच दुसरीवर दोन फ्रेट मागे मिळतो. पाचवीचा तिसरा सी, दुसरीचा पहिला सी. पाचवीचा पाचवा डी, दुसरीचा तिसरा डी.

एक वार, एक स्वर

इथवर तारा आडव्या केल्या. आता स्वर उभा करायचा. सात पांढऱ्या, सात वार. पण सोमवारी सी, मंगळवारी डी असा क्रम नको, तो पुन्हा पाढाच होतो. मध्यमाच्या उड्यांनी जा: सोमवारी बी, मग ई, ए, डी, जी, सी आणि रविवारी एफ. मोकळ्या तारांच्या ओळखीचा क्रम आहे, चटकन बसतो.

त्या दिवशी तो एकच स्वर सहाही तारांवर काढायचा, सहावीकडून पहिलीकडे आणि परत. मेट्रोनोम ४० वर, बारा ठोक्यांत फेरी. फ्रेट असे:

सी – ८, ३, १०, ५, १, ८
डी – १०, ५, मोकळी, ७, ३, १०
ई – मोकळी, ७, २, ९, ५, मोकळी
एफ – १, ८, ३, १०, ६, १
जी – ३, १०, ५, मोकळी, ८, ३
ए – ५, मोकळी, ७, २, १०, ५
बी – ७, २, ९, ४, मोकळी, ७

(मोकळी जिथे आहे तिथे बारावाही चालतो, आणि अधूनमधून तोच घ्यावा, म्हणजे वरच्या भागाची सवय राहते.)

आकडे पाठ करायचे नाहीत. ही यादी पडताळ्यासाठी आहे, स्वर काढून झाल्यावर बघायची.

कानाचं काम आता सुरू होतं. सी चे हे सहा स्वर नीट ऐका. सहावीचा आठवा आणि पाचवीचा तिसरा अगदी एकच स्वर आहे. चौथीचा दहावा, तिसरीचा पाचवा आणि दुसरीचा पहिला हे तिघेही एकच, पहिल्या जोडीच्या एक सप्तक वर. पहिलीचा आठवा आणखी एक सप्तक वर. म्हणजे जागा सहा, पण सप्तकं तीनच. पाटीवर लिहायचं असेल तर भातखंडे पद्धतीतले टिंब वापरा: खालच्या सी ला खाली टिंब, मधला बिनटिंबाचा, वरच्याला वर टिंब. तक्त्यावर नुसतं 'सी' सहा वेळा लिहिलं की हा फरक पुसला जातो, आणि मग गाण्याची ओळ सापडते ती चुकीच्या सप्तकात. एकच स्वर असूनही चौथीच्या दहाव्यावर तो गोल आणि जाड वाजतो, दुसरीच्या पहिल्यावर उजळ. कुठे घ्यायचा हे शेवटी या रंगावर ठरतं.

पेटी असेल तर ती पट्टी दाबून कुणाला तरी धरून ठेवायला सांगा, किंवा मोबाइलवर तानपुरा त्या स्वराला लावा, आणि त्यावर सहाही जागा वाजवा. एक फ्रेट चुकलात तर शेजारचा सूर इतका टोचतो की सांगावं लागत नाही. जुन्या पेटीचा सूर उतरलेला असू शकतो. आधी ट्यूनरवर तिची पांढरी सहा बघून घ्या. ती ४४० हर्ट्झच्या आसपासच्या ए ला नसेल तर तानपुराच बरा, गिटार पेटीला जुळवायच्या भानगडीत पडू नका.

फासा आणि चिठ्ठ्या

दोन आठवडे स्वरवार केले की परीक्षा. सात चिठ्ठ्यांवर सात अक्षरं लिहून वाटीत टाका, आणि सापशिडीचा फासा घ्या. फाशाला सहा बाजू, गिटारला सहा तारा, सोय आधीच झालेली आहे. फासा टाका, चिठ्ठी उचला: चार आणि 'बी'. चौथ्या तारेवर बी. दोन सेकंदांत बोट नवव्यावर गेलं तर चिठ्ठी बाजूला, नाही तर परत वाटीत. सातही बाहेर पडल्या की एक डाव झाला. रोज तीन डाव, पाच-सात मिनिटांचं काम.

ज्या जोड्या वारंवार वाटीत परततात त्या लिहून ठेवा. बहुतेकांच्या यादीत दुसरी तार आणि आठव्या-नवव्या फ्रेटचा टापू असतो. तिथे घरंही अरुंद होतात: ६५ सेंटिमीटरच्या तारेवर पहिलं घर सुमारे साडेतीन सेंटिमीटरचं, बारावं दोनाच्याही आत. डोळ्याने अंतर मोजणारा तिथे फसतो. म्हणून त्या टापूत रोज थोडं न बघता वाजवा. जीवाजीगंजातल्या 'सरोद घर' या वाद्यसंग्रहालयात गेलात तर सरोदची दांडी बघून या: पत्र्याची, गुळगुळीत, एकही पडदा नाही. तिथे जागा कानाने आणि बोटाने सापडते. आपल्याला तर ठिपकेही दिलेत.

गिटार हातात नसतानाही हे चालतं. महाराज बाड्यावर टेम्पोची वाट बघताना स्वतःलाच विचारा: ए, तिसरी तार? दुसरा. जी, दुसरी तार? आठवा. डोळ्यांपुढे दांडी आणून बोट ठेवायचं. पाठांतराचा खरा कस इथेच लागतो.

काळ्या, आणि गाणाऱ्याबरोबर

पांढऱ्या दोन सेकंदांत यायला लागल्या की काळ्यांना आठवडाही लागत नाही. फक्त प्रत्येक काळीला दोन्ही बाजूंनी जा: काळी चार म्हणजे जी च्या पुढे, आणि ए च्या मागे. कॉर्डपुस्तकात कधी जी शार्प असतं, कधी ए फ्लॅट, जागा तीच.

मग घरच्या गाण्यात उतरा. गणपतीत आरती कुणीतरी मनाला येईल त्या पट्टीत सुरू करतं. सहाव्या तारेवर सा शोधा आणि त्या जागेचं नाव मोठ्याने घ्या. चौथ्या फ्रेटला सापडला तर काळी चार. तिथे बार धरवत नसेल तर कॅपो (दांडीवर बसवून सगळ्या तारा दाबणारा चिमटा) चौथ्याला लावून ई चे आकार, किंवा पहिल्याला लावून जी चे आकार. काळी एक निघाली तर कॅपो पहिल्याला आणि सी चे आकार. कॅपो लावल्यावर एक गफलत नेहमी होते: आकाराचं नाव आणि स्वराचं नाव एकच समजलं जातं. कॅपो पहिल्यावर असताना 'सी' धरलात तरी वाजतो सी शार्पच. जागांची नावं कॅपोने बदलत नाहीत. पाठांतराच्या काळात मात्र कॅपो गिटारच्या खोक्यात ठेवा. अर्धा स्वर उतरवून लावलेली गिटारही नको. तिच्यावर सगळी नावं एका घराने खोटी असतात.

सूर उतरला की पाठांतरही उतरतं

बसण्याआधी दर वेळी ट्यूनर. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, लू चालते, लाकूड सुकून आकसतं आणि धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून दांडीच्या कडेला त्यांची टोकं बोटाला टोचायला लागतात. दुसरं टोक म्हणजे कूलर. कूलरच्या थेट झोतात ठेवलेली गिटार ओल शोषते, लाकूड फुगतं, तारा गंजतात. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, खोक्यात किंवा कव्हरमध्ये ठेवा, आणि उन्हात उभ्या गाडीत कधीही नाही.

मोकळी तार सुरात आणि बाराव्याला वाजवलेली बेसूर, असं होत असेल तर दोष तुमचा नाही. आधी तारा बदलून बघा. जुन्या, मळलेल्या तारा वरच्या फ्रेटांवर खोटं बोलतात. तरीही फरक राहिला, किंवा बाराव्या फ्रेटपाशी तार दांडीपासून फार वर असली (सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटरपर्यंत ठीक, चारला त्रास), तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. तार उंच असली की दाबताना ती ताणली जाते आणि स्वर चढतो. अशा गिटारवर सी ची सहा ठिकाणं कानाला सहा वेगवेगळी वाटणार.

वेळापत्रक म्हणाल तर

रोज दहा मिनिटं, आणि तीही सुरुवातीची, दमल्यावरची नाहीत. पहिला आठवडा बारा नावं आणि खुंट्या. दुसरा-तिसरा सहावी आणि पाचवी. चौथा उड्या. पाचवा एकट्या दुसऱ्या तारेचा. सहावा-सातवा स्वरवार, आठव्यापासून फासा. रविवारी तासभर बसून आठवड्याचं उरकायचा बेत करणाऱ्यांचं गुरुवारपर्यंत पुसलेलं असतं. रोज पाच मिनिटंच मिळत असतील तरी रोजच. मध्ये आठ-दहा दिवसांचा खंड पडला तर पहिल्यापासून सुरू करू नका. फासा टाका, जे अडलं तेवढंच त्या दिवशी घोटा.